पासपोर्टच्या फॉर्मआधी नावं जुळवा

नागपुरात मानेवाडा रिंगरोडला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. बारा वर्षं झाली. दहावीचा निकाल लागला की अकरावीचे फॉर्म, त्यामागून उत्पन्नाचे दाखले, नॉनक्रिमिलेअर, आणि बारा महिने पासपोर्ट. पासपोर्टवालं गिऱ्हाईक आलं की मी कॉम्प्युटरकडे वळत नाही. आधी त्याला स्टुलावर बसवते आणि म्हणते, "सगळे कागद काढा." आधार, पॅन, मतदान कार्ड, टीसी, दहावीची सनद, पासबुक, लाईटबिल. लग्न झालेली बाई असेल तर लग्नाचं प्रमाणपत्र. हे सगळे काउंटरच्या काचेवर ओळीनं मांडायचे, हातात पेन्सिल घ्यायची आणि प्रत्येक कागदावरचं इंग्रजी नाव एक एक अक्षर करत मोठ्यानं वाचायचं. घरी फॉर्म भरणार असाल तर जेवणाच्या टेबलावर हेच करा. अर्धा तास लागतो, आणि माझ्याकडे आलेले जितके पासपोर्ट अडले त्यातले बहुतेक या अर्ध्या तासात सुटले असते.

मागच्या उन्हाळ्यात हुडकेश्वरकडचे एक काका आले. मुलगा जर्मनीत, नात झालेली, काका-काकूंना बोलावणं आलेलं. वडिलांचं नाव देवराव. आधारवर त्याचं स्पेलिंग डी-ई-ओ, पॅनवर डी-ई-व्ही, आणि टीसीवर मराठीत 'देवरावजी'. आपल्या विदर्भात मोठ्या माणसाच्या नावाला 'जी' लावल्याशिवाय जुन्या मास्तरांना लिहवत नसे, आणि तो 'जी' पन्नास वर्षांनी असा समोर येतो. बायकांच्या नावामागे 'बाई' येतं. वानखेडेंचं आडनाव एका कागदावर डब्ल्यूनं, दुसऱ्यावर व्हीनं. विठ्ठलमध्ये कुठे एक टी, कुठे दोन. काका म्हणाले, "ताई, माणूस तर एकच आहे न! एवढ्याशा अक्षरानं काय होते?" होतं, काका. पडताळणी करणाऱ्या अधिकाऱ्यापुढे माणूस मिनिटभर असतो, कागद मात्र सगळे असतात, आणि ते एकमेकांशी भांडत असतील तर तो सही कशाच्या भरवशावर करणार?

आता कोणता कागद दुरुस्त करायचा? माझा नियम सरळ आहे: जो कागद बदलायला सगळ्यात कठीण, तो खांब. बाकीचे त्याच्याभोवती आणायचे. जन्मदाखला किंवा दहावीची सनद असेल तर तोच खांब, कारण बोर्डाची सनद बदलणं म्हणजे शाळा, मुख्याध्यापक, विभागीय मंडळ अशी वारी. आधार आणि पॅन त्या मानानं सोपे. पण आधार घाईनं बदलू नका. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. मी बघितलंय, लोक आधी आधार पॅनप्रमाणे करतात, मग कळतं सनदेवर वेगळंच आहे, मग पुन्हा बदलतात, आणि दोन्ही संधी संपतात. आधी ठरवा, मगच आधार केंद्राची रांग धरा. काका आठवीपर्यंतच शिकलेले, सनद नाही. त्यांचं पॅन, बँक आणि घराची रजिस्ट्री तिन्हींवर 'देवराव' व्हीनं होतं, म्हणून आम्ही आधार व्हीवर आणलं. ते नवीन होऊन हातात आलं तेव्हाच फॉर्मला हात लावला.

नावाचे रकाने नीट समजून घ्या, कारण ते आपल्या मराठी पद्धतीचे नाहीत. पासपोर्टच्या फॉर्ममध्ये दोनच रकाने असतात: एक आडनावाचा, एक दिलेल्या नावाचा. आपण तीन नावं लावतो. तर स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव, दोन्ही दिलेल्या नावाच्या रकान्यात, मध्ये एक जागा सोडून. आडनाव एकटं त्याच्या रकान्यात. आपल्या शाळांच्या कागदांवर आडनाव आधी येतं, त्याला बघून कोणी कोणी क्रमानं उतरवतात आणि आडनाव दिलेल्या नावात जातं, आडनावाचा रकाना रिकामा राहतो. असा पासपोर्ट निघतोही. पण दुबईला जायचं म्हटलं की अडतं. संयुक्त अरब अमिरातीनं २०२२ च्या नोव्हेंबरपासून एकाच रकान्यात नाव असलेल्या प्रवाशांना पर्यटक व्हिसावर घेणं बंद केलं. तेव्हा आडनावाचा रकाना रिकामा ठेवू नका.

बायकांचा प्रश्न वेगळा आणि मला तो जिव्हाळ्याचा आहे. लग्न झालं म्हणून पासपोर्टवर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. सनदेवर माहेरचं नाव, आधारवरही माहेरचंच, तर पासपोर्ट माहेरच्या नावानं काढा, नवऱ्याचं नाव त्याच्या रकान्यात लिहा, झालं. आधारवर सासरचं आणि सनदेवर माहेरचं असेल तर मधला पूल म्हणजे लग्नाचं नोंदणी प्रमाणपत्र. ते नसेल तर महानगरपालिकेच्या आपल्या झोन ऑफिसात नोंदणी करून घ्या. नागपुरात दहा झोन आहेत, लग्न ज्या भागात झालं किंवा दोघांपैकी कोणी जिथे राहतं तिथलं बघा. आणि लग्नात पहिलं नावही बदललेलं असेल, माहेरची सुनीता सासरी वैशाली झालेली असेल, तर एवढ्यानं भागत नाही. तिथे राज्य शासनाच्या राजपत्रात नावबदलाची जाहिरात द्यावी लागते. ती ऑनलाइन भरता येते. राजपत्राचं ते पान छापून नीट जपून ठेवा, पुढे बँकेत, पेन्शनमध्ये, सगळीकडे लागतं.

जन्मतारखेचा पुरावा. इथे नवीन आईबाबांनी कान देऊन ऐका. २०२५ च्या फेब्रुवारीत नियम बदलला: १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळासाठी जन्मदाखला हा एकच पुरावा चालतो. त्याआधी जन्मलेल्यांना टीसी, सनद, पॅन, मतदान कार्ड, ड्रायव्हिंग लायसन्स, आयुर्विम्याची पॉलिसी, यातलं काहीही चालतं, फक्त त्यावर पूर्ण तारीख हवी. पुष्कळ म्हाताऱ्या माणसांच्या आधारवर नुसतं सालच असतं, तो कागद जन्मतारखेसाठी उपयोगाचा नाही. शाळेत न गेलेल्या एका आजींचं काम आम्ही पॅनवर भागवलं.

बाळाच्या दाखल्यात नाव नसेल, नुसतं 'मुलगी' किंवा 'मुलगा' लिहिलेलं असेल, तर आजच झोनला जा. नाव घालण्यासाठी नोंदणीपासून पंधरा वर्षांपर्यंत मुभा असते, पण लोक ती मुभा आहे म्हणून सहलीच्या आधीच्या महिन्यापर्यंत बसून राहतात. आणि महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाचं नाव बाळ, आई, वडील, आडनाव अशा क्रमानं लिहायचं ठरलंय. मग दाखल्यावर जसं आहे तसंच आधारवर करा, तसंच पासपोर्टवर. दाखल्यावर आईचं नाव आहे आणि आधारवर नाही, असा नवा गुंता आता काउंटरवर यायला लागलाय.

लोक मला विचारतात, आधार आहे न, मग पासपोर्टला एवढे कागद कशाला? कारण दोन्हींचा अर्थच वेगळा आहे. आधार रहिवाशाला मिळतं. देशात वर्षभरात १८२ दिवस राहिलेला माणूस, मग तो कुठल्याही देशाचा नागरिक असो. देशातलं पहिलं आधार २०१० साली आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं, आणि त्यावर पहिल्यापासून हेच आहे की हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. पासपोर्ट मात्र १९६७ च्या कायद्याखाली नागरिकाला मिळतो आणि परक्या देशात सरकार तुमच्या पाठीशी उभं असल्याचा तो कागद असतो. म्हणून तपास जास्त.

आता फॉर्म. साइट एकच: पासपोर्टइंडिया डॉट गव्ह डॉट इन, किंवा मोबाइलवर एमपासपोर्ट सेवा नावाचं ॲप. पत्त्यात 'गव्ह डॉट इन' नसेल तर बंद करा. शोधात वरच्या बाजूला तशाच दिसणाऱ्या साइट येतात, त्या दुप्पट पैसे घेतात आणि तुमचा आधारही त्यांच्याकडे जातो. मोठ्या माणसाचा ३६ पानी पासपोर्ट १५०० रुपये, ६० पानी २०००. अठराच्या आतल्यांना १०००. तत्काळ हवा असेल तर वर २००० आणखी. नवीन पासपोर्टला आठ वर्षांखालच्या मुलांना आणि साठीच्या पुढच्यांना दहा टक्के सूट आहे, ती साइट आपोआप लावते. मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षं चालतो, मुलांचा पाच वर्षं किंवा अठरा पूर्ण होईपर्यंत, जे आधी येईल ते. माझ्यासारखा दुकानदार फॉर्म भरण्याची मजुरी घेतो तेवढी वेगळी, बाकी एक रुपयाही कुणाला द्यायचा नाही. केंद्राबाहेर "आत ओळख आहे" म्हणणारा भेटला तर पुढे चला. आतल्या रांगेत ओळखीला जागा नाही, टोकन नंबर मशीन देतं.

दहावी पास असाल तर ती सनद फॉर्मला जोडाच. नाहीतर पासपोर्टवर परदेशी नोकरीसाठी परवानगी लागण्याचा शिक्का येतो आणि आखाती देशांसह अठरा देशांत कामाला जाताना वेगळी मंजुरी घ्यावी लागते. इथल्या मिहान औद्योगिक भागात वेल्डिंग करणारी पोरं कतारला जायला निघतात, दहावी पास असतात, पण सनद गावी राहिलेली असते म्हणून जोडत नाहीत. मग तो शिक्का काढायला पुन्हा फी, पुन्हा फेरी.

आता पत्ता. इथे मी स्वतः चूक केली आहे आणि ती माझ्या भावाला भोवली, म्हणून थोडं थांबून सांगते.

माझा धाकटा भाऊ पुण्यात नोकरीला होता. त्याच्या कंपनीनं बाहेर पाठवायचं ठरवलं. आधार नागपूरचं, मतदान कार्ड नागपूरचं, मला वाटलं सोपं आहे. मी त्याचा राहण्याचा पत्ता म्हणून आमच्या घरचाच पत्ता टाकला. तो एका शनिवारी आला, केंद्रात सगळं झालं, रविवारी रात्रीच्या गाडीनं परत गेला. दहाव्या दिवशी पोलिस पडताळणीसाठी माणूस घरी आला. आईनं दार उघडलं आणि जे खरं होतं ते सांगितलं: "तो पुण्याला राहते, महिन्यातून एकदा येते." अहवालात लिहिलं गेलं की अर्जदार या पत्त्यावर राहत नाही. फाईल थांबली. खुलाशाची नोटीस आली. पुण्याचा भाडेकरार, कंपनीचं पत्र, पुन्हा पडताळणी. साडेतीन महिने गेले आणि तोवर त्याच्या जागी दुसऱ्याला पाठवलं. तो मला एका शब्दानं बोलला नाही, पण त्याच्या घरी गेले की मला ते आठवतं.

तर राहण्याचा पत्ता म्हणजे तुम्ही आज जिथे झोपता तो. २०१८ पासून देशातल्या कुठल्याही पासपोर्ट केंद्रात अर्ज करता येतो, पुण्यात राहणारा नागपुरात सुट्टीवर येऊन करू शकतो, पण पत्ता पुण्याचाच लिहायचा आणि पोलिस तिथेच येणार. भाड्यानं राहत असाल तर नोंदणीकृत भाडेकरार, गॅसचं कनेक्शन, व्यवहार चालू असलेल्या खात्याचं फोटो असलेलं पासबुक, असं काहीतरी तिथल्या पत्त्याचं हवं. घरमालकाच्या नावाचं लाईटबिल तुमचा पुरावा होत नाही. वसतिगृहातल्या मुलांनी कॉलेजकडून लेटरहेडवर दाखला घ्यावा.

पैसे भरले की अपॉइंटमेंट. एकदा भरलेले पैसे वर्षभर चालतात आणि तारीख तीनदा पुढे-मागे करता येते, म्हणून कागद अर्धवट असतील तर ओढूनताणून जाऊ नका. तारीख बदला. विदर्भातल्या काही गावांत मोठ्या पोस्टातही केंद्रं आहेत, तिथली तारीख कधी कधी लवकर मिळते. साइटवर दोन्ही बघा.

नागपूरचं केंद्र मानकापूरला आहे. पावतीवर पत्ता आणि वेळ छापलेली असते, त्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधी पोहोचा, तासभर आधी जाऊन मे महिन्याच्या उन्हात उभं राहण्यात काही अर्थ नाही. सगळे मूळ कागद आणि प्रत्येकाची स्वतः सही केलेली एक झेरॉक्स. फोटो न्यायची गरज नाही, तो तिथेच काढतात. पाठीमागे पांढरा पडदा असतो म्हणून पांढरा किंवा फिका कपडा घालून जाऊ नका. चार वर्षांखालच्या बाळाचा मात्र पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो सोबत लागतो, आणि मुलांसाठी परिशिष्ट डी, आईबाबा दोघांच्या सहीचं. आई किंवा वडील एकटेच सांभाळत असतील तर परिशिष्ट सी आहे. हे साध्या कागदावर चालतं, २०१६ च्या डिसेंबरपासून नोटरीची गरज राहिलेली नाही आणि आईबापांपैकी एकाचंच नाव दिलं तरी चालतं. टाकलेल्या, घटस्फोट झालेल्या बायका माझ्याकडे येतात तेव्हा हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरताना मी बघते. सरकारी नोकरीत असाल तर परिशिष्ट एच भरून कार्यालयाला कळवा आणि पोच घ्या.

आत तीन टप्पे असतात: ए, बी, सी. सगळ्यात महत्त्वाचा ए. तिथे फोटो होतो, बोटांचे ठसे होतात, कागद स्कॅन होतात, आणि मग समोरची मुलगी स्क्रीन तुमच्याकडे वळवते आणि विचारते, "बरोबर आहे का बघून घ्या." इथे बहुतेक लोक मान हलवतात. मागे रांग असते, लाज वाटते, चष्मा पिशवीत असतो. हलवू नका मान. चष्मा काढा, लावा, आणि नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मगाव, पत्त्यातला पिनकोड, एक एक अक्षर बोट ठेवून वाचा. काकांना मी हे तीनदा बजावलं होतं. त्यांनी वाचलं, आणि काकूंच्या जन्मगावात 'काटोल'चं 'कोटल' झालेलं सापडलं. त्या मुलीनं तिथल्या तिथे दुरुस्त करून दिलं, दोन मिनिटं लागली. तेच छापून आलं असतं तर नव्यानं अर्ज करावा लागला असता.

बी ला कागद तपासतात, सी ला मंजुरी. प्रश्न विचारले तर जेवढं विचारलं तेवढंच आणि खरं सांगा. कोर्टात केस चालू असेल तर लपवू नका. खोटी माहिती देणं हा त्याच कायद्याखाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. केस असली तरी कोर्टाची परवानगी आणून पासपोर्ट मिळू शकतो. वकिलाला विचारा. बाहेर पडताना मिळणारी पावती टाकू नका, त्यावर फाईल नंबर असतो, साइटवर त्यानंच फाईल कुठे पोहोचली ते दिसतं. अडलं तर १८००-२५८-१८०० हा टोल फ्री नंबर आहे, मी स्वतः वापरते.

मग पोलिस पडताळणी. आपल्या पोलिस स्टेशनातून फोन येतो किंवा माणूस घरी येतो. मूळ कागद एका पिशवीत दाराजवळ ठेवा, घरच्यांना फाईलबद्दल सांगून ठेवा, शेजारच्यांनाही. अनोळखी नंबर न उचलण्याची सवय त्या पंधरवड्यापुरती सोडा. यासाठी वेगळी फी नाही, तुम्ही भरलेल्या पैशांत हे आलं.

पासपोर्ट स्पीड पोस्टनं येतो आणि तो अर्जदाराच्याच हातात, ओळखपत्र बघून देतात. तुम्ही गावी असाल तर आधीच पोस्टमनशी बोला, कारण परत गेला तर पासपोर्ट ऑफिसात जाऊन आणावा लागतो. काकांचा आला तो नवा, चिपवाला. असे ई-पासपोर्ट देशात पहिल्यांदा चाचणीसाठी १ एप्रिल २०२४ ला द्यायला सुरुवात झाली ती भुवनेश्वर आणि आपल्या नागपुरातून. वरच्या मुखपृष्ठावर खालच्या बाजूला एक छोटं सोनेरी चिन्ह असतं, त्यावरून ओळखता येतो. कव्हरमध्ये चिप आणि अँटेना आहे, म्हणून त्याला वाकवू नका, स्टेपल मारू नका, भोक पाडून दोरी घालू नका. काका त्याला देवघरात ठेवणार होते, मी म्हटलं ठेवा, पण उदबत्ती लांब.

हातात आला की पाकीट फाडल्याबरोबर पुन्हा तेच काम, पेन्सिल घेऊन नाव वाचायचं. चूक सापडली तर त्याच आठवड्यात केंद्राला कळवा, तिकीट काढून मग नाही. पहिल्या आणि शेवटच्या पानाचा फोटो काढून स्वतःला ईमेल करून ठेवा. आणि मुदत संपायच्या वर्षभर आधी नवा करता येतो, तेव्हा भिंतीवरच्या कालनिर्णयात नाही तर फोनमध्ये ती तारीख आजच टाका, कारण कितीतरी देश सहा महिने मुदत शिल्लक असल्याशिवाय विमानात बसू देत नाहीत.

काकू गेल्या मंगळवारी व्हिसाचा फॉर्म घेऊन आल्या. मी काही बोलायच्या आधी त्यांनीच काचेवर कागद ओळीनं मांडले आणि माझ्या गल्ल्याजवळची पेन्सिल उचलली.